जावेचं झाड, माझं छप्पर

बैल घराकडे वळले आणि त्याच वेळी मला उंबऱ्याबाहेर नवऱ्याच्या चपला दिसल्या.

दोन्ही चपला नीट जोडीने, घराकडे तोंड करून काढलेल्या. म्हणजे माणूस आत गेला होता. त्याला तासाभरापूर्वी चार जणांनी बाजेसकट उचलून मागच्या घरी नेऊन ठेवलं होतं. दोन वर्षं तो माझा हात धरल्याशिवाय परसाकडेसुद्धा जात नव्हता. आणि ज्या झाडाच्या भीतीने आम्ही घर रिकामं केलं, ते मोहाचं झाड बुंध्याशी अर्ध्याच्या वर कापून झालं होतं. त्याला उलट्या बाजूने ओढून धरणारा दोर बैलांच्या जुवाला होता. बैल वळले तसा दोर ढिला पडला. झाडाने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि घराकडे निघालं.

मी ओरडले, "थांबवा!" कोणाला थांबवायचं ते मलाही माहीत नव्हतं.

लोक नंतर सांगतात की बाई धावली. मी धावले नाही. धावली ती माझी जाऊ.

आता हे झाड तिचं कसं आणि घर माझं कसं, ते आधी सांगायला पाहिजे, नाही तर कोणाला काही कळणार नाही.

आमचं गाव चंद्रपूरकडे, गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून. आमच्याकडे वाटणी होते तेव्हा जमिनीसारखीच मोहाची झाडंही वाटतात. झाड कोणाच्या बांधावर आहे याला महत्त्व नाही, फुलं कोण वेचतं याला आहे. जो वेचतो त्याचं झाड. माझ्या सासूने दोन्ही मुलांची वाटणी केली तेव्हा रस्त्याकडचं घर थोरल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला दिलं. धाकट्याने मागे नवीन घर बांधायचं ठरलं. पण त्याचं मन राखायला सासूने थोरल्याच्या अंगणातला मोह धाकट्याला दिला. तिला वाटलं, न्याय झाला. मला विचाराल तर ती आम्हा दोघी जावांना एकमेकींच्या उरावर बसवून निवांत निघून गेली.

तेव्हापासून दर वर्षी होळी झाली की दीड महिना माझं अंगण माझं राहत नसे. मोह पहाटे गळतो. मी दार उघडायच्या आधी जाऊ टोपली घेऊन अंगणात वाकलेली असायची. तिचं वेचून होईपर्यंत मी झाडू मारायचा नाही, बकऱ्या सोडायच्या नाहीत, पाणी टाकायचं नाही. मी माझ्याच दारात हात बांधून उभी राहायची.

त्यात ती खाली जाळायची. जंगलात मोहाखालचा पाला जाळतात, म्हणजे जमीन साफ होते आणि फूल सापडतं. जंगलात ठीक आहे. अंगणात?

"झाडून घे ना," मी म्हणायची. "आग काऊन लावतं?"

"जाळलं की फूल मातीत भरत नाई, बाई."

"माझं घर भरते ना धुरानं!"

"मच्छर जाते मग."

दर वर्षी त्याच बाजूला आग. दर वर्षी बुंधा थोडा थोडा जळत गेला. घराच्या बाजूने त्याला चुलीएवढं भोक पडलं. त्यात माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या. दिरानं एकदा मान घालून पाहिलं आणि म्हणाला, झाड आतून पोकळ झालं. पण फुलं टोपलीभर देत होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पुढे दीर वारला. जाऊ, तिचा मुलगा आणि सून मागच्या घरी राहिले. झाड तसंच उभं.

गेल्या वैशाखात दुपारी वादळ आलं. तेव्हा मी न्हाणीत होते. आमची न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात बांबूच्या तट्ट्या लावलेल्या, वर आभाळ. धूळ डोळ्यांत जाऊ लागली म्हणून अर्ध्या अंघोळीतून लुगडं गुंडाळून घरात पळाले. मागे कडाड असा आवाज झाला. वळून पाहते तर न्हाणी नाही. मोहाची अर्धी बाजू फाटून तिच्यावर पडलेली. उरलेली अर्धी घरावर झुकलेली, शेंडा कौलांपासून दोन हातांवर.

वारा थांबला तशी जाऊ धावत आली. पदर खांद्यावर नाही, पायात चप्पल नाही. मी म्हटलं, चला, एवढ्या वर्षांत कधी तरी माझी काळजी वाटली. ती पडलेल्या फांद्यांकडे पाहत म्हणाली, "टोरी किती झडली वो?"

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल काढतात. ती पिकायला अजून महिना होता.

"मी जिवंत आहे," मी म्हटलं.

"ते दिसून राह्यलं ना," ती म्हणाली आणि खाली बसून कच्ची टोरी वेचू लागली.

मग झाडाचं काय करायचं यावर सगळं गाव बोलायला लागलं. माझं म्हणणं एकच होतं: पावसाच्या आधी पाडा. घराला नुकतीच नवीन कौलं घातली होती. आत माझा नवरा होता. तो दोन वर्षं आधी ओट्यावरून पडला, तेव्हा खुब्याला मार लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरने नंतर फोटो पाहून सांगितलं, हाड जुळलं आहे, आता चाला. हा चालला नाही. चालायचं काम माझ्याकडे दिलं आणि बाजेवर पडून राहिला. बाज नेमकी त्या झाडाच्या खालच्या खोलीत.

"अवो, बाहेर तरी झोपा," मी म्हटलं.

"तो पडाचा नाई."

"अर्धा पडला ना!"

"अर्धा पडला म्हणजे भार कमी झाला. आता कायले पडते?"

अशा माणसाशी काय बोलणार. आठ-दहा दिवस तो आत झोपला, मी बाहेर ओट्याच्या टोकाला. पडलंच तर निदान एक जण रांधायला उरेल.

जावेचं म्हणणं, टेकू द्या. मोह मरत नाही, पुन्हा फुटतो. तिने मुलाकडून सागाचा एक जाड खांब आणून झाडाला लावलाही. सकाळी खांब तिरपा आणि झाड होतं तिथेच. मी म्हटलं, "आता तुझ्या टेकूले टेकू लाव."

माझा मुलगा मोहर्लीला आहे. ताडोबा पाहायला आलेल्या लोकांना गाडीतून जंगलात फिरवतो. सुट्टी काढून आला. कामावरचा हिरवा शर्ट घालूनच आला, म्हणजे गावाला कळावं. झाडाभोवती दोन चकरा मारल्या, मोबाईल बुंध्याला टेकवला, मग त्यात पाहिलं आणि म्हणाला, "माय, झाड कललं आहे."

"ते मले मोबाईलशिवाय दिसते."

"तुले आणि बाबाले मी घेऊन जातो ना मोहर्लीले."

"तुझी एक खोली. त्यात तू, तुझी बायको, दोन लेकरं. आम्ही काय गाडीच्या टपावर झोपू? वाघ येऊन आमालेच पाहून जाईन."

तो दोन दिवस राहिला, झाडाचे फोटो काढले आणि गेला. जाताना म्हणाला, काही झालं तर फोन कर. झाल्यावर फोन कशाला?

वनखात्याचा गार्ड आला. भला माणूस. म्हणाला, "बाई, पडलेल्या झाडाचा पंचनामा मी आत्ता करतो. उभ्या मोहाले मात्र कागद लागते."

"आणि जो पडतही नाई, उभाही नाई, त्याले?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पडलेल्या अर्ध्याचा पंचनामा करतो, उभ्या अर्ध्याचा अर्ज द्या."

उगाच कशाला नावं ठेवू, आठव्या दिवशी त्याने स्वतः मोटारसायकलवर येऊन कागद हातात दिला.

पण कागद असून भागत नाही. झाड जावेचं. ती हो म्हणाल्याशिवाय आमच्या गावात त्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावणार नाही. म्हणून मी गावातली म्हातारी माणसं बोलावली. सहा जण आले. मी अंगणात चटई टाकली. ते चटईकडे पाहत रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात बसले. तिथून विचार सुरू झाला.

"बाई, मोह असा पडत नाई. त्याचं मूळ लय खोल राह्यते."

"मग इकडे सावलीत या ना भाऊ. उन्हात काऊन बसले?"

"इथीच बरं आहे. हवा येते."

"इथी तर त्याहून जास्त येते."

एकही उठला नाही. मी जावेला म्हटलं, "पाह्यलं? हा झाला निर्णय. सहाही जण उन्हात बसले."

ती त्या सहा जणांकडे पाहत राहिली, मग झाडाकडे पाहिलं. संध्याकाळी मी बकऱ्या बांधत असताना आली आणि गोठ्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, पाडा म्हणते मी. पण माझं एक झाड जाते. तुमच्या बांधावरचा एक मोह देता का?"

"कोणता?"

"तळ्याकडचा."

"तो तर माझा सगळ्यात गोड आहे!"

"म्हणून तर मागून राह्यली."

"तुझा हा कडू. माझ्या बकऱ्या तोंड लावत नाई."

"तीस वरसं तर खाऊन राह्यल्या, चोरून! मी काही आंधळी नाई."

मी कोपऱ्यातला देते म्हटलं. ती म्हणाली, कोपऱ्यातल्याला अस्वल येते. मी म्हटलं, अस्वलाला काय चव कळत नाही? म्हणजे तो गोडच असेल. ती म्हणाली, मग तुम्हीच ठेवा, अस्वलासंगे वाटून खा. असं तासभर चाललं. शेवटी तळ्याकडचा मोह मी दिला. जीव जळला, पण दिला. छपराखाली नवरा होता, आणि तो उठायला तयार नव्हता.

गोंडपिपरीहून मिस्त्री बोलावला. मुसलमान माणूस, सुतारकाम करतो आणि मशीनची करवत घेऊन गावोगाव झाडं पाडायला जातो. त्याने झाड पाहिलं, भोकात हात घातला, आतून मूठभर भुसा काढून मला दाखवला.

"बाई, ये झाड खडा कैसा है, येच समजत नाई. ओढून धरावं लागन, नाई तर सरळ तुमच्या चुलीवर येते. माझी चेनपुली दुसऱ्या कामावर आहे. परवा आणतो."

आभाळ तेव्हाही काळं होतं. मी म्हटलं, "परवापर्यंत कोण थांबते? बैल लावू. या बैलांनी सागाचे ओंडके ओढले."

"बैल जनावर आहे, बाई. चेनपुली लोखंडाची. चेनपुली बिचकत नाई."

"माझे बैल नाई बिचकत."

हे मी बोलले. दुसऱ्या कोणी नाही. म्हणून दोष कोणावर ढकलत नाही.

आणि ते बैल माझे राहिलेही नव्हते. नवऱ्याने बाज धरली तेव्हा शेती पुतण्याकडे, म्हणजे जावेच्या मुलाकडे गेली, आणि वर्षभराने बैलही त्यालाच दिले. पण ही जोडी वासरं असल्यापासून मी वाढवली होती, माझ्या घराच्या भिंतीला लागून असलेल्या गोठ्यात. पुतण्याकडे गेल्यावरही सुटले की ते संध्याकाळी माझ्या गोठ्यात येऊन उभे राहायचे. मी मूठभर कोंडा टाकायची. पुतण्या चिडायचा. "मोठी माय, तू त्याईले लाडावून ठेवतं. माझ्या गोठ्यात राह्यतच नाई ना ते!" मी म्हणायची, जनावराला माया असते. बिचकलेला बैल आपल्या दावणीकडे पळतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. त्या दिवशी कसं सुचलं नाही, देव जाणे. कोणालाच सुचलं नाही. दोर झाडाच्या उंचीहून लांब आहे की नाही, ते मिस्त्रीने दोनदा पावलांनी मोजलं. बैलांचं घर कुठे, ते कोणी पाहिलं नाही.

पाडायच्या दिवशी घर रिकामं केलं. भांडी, पेटी, अंथरुणं बाहेर काढली. धानाची कणगी तेवढी राहिली. पुरुषभर उंच, बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, गळ्यापर्यंत भरलेली. ती हलवणं शक्य नव्हतं. मग नवरा. चार जणांनी बाज उचलली, चपलाही पायथ्याशी ठेवल्या. तो बाजेवरून शिव्या देत होता.

"मले तिथी नाई जाचं!"

"मग कुठी जाता? आभाळात?" मी म्हटलं. "तासाभराचं काम आहे."

त्याचं ओरडणं अगदी उगाच नव्हतं, हे मला कळायला पाहिजे होतं. आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या अंगाला हात तर लागूच द्यायचा नाही. नव्या मुली हे पाळत नाहीत. पण माझी जाऊ चाळीस वर्षांत एकदाही माझ्या नवऱ्याशी बोलली नाही. तो रस्त्याने आला की ती गल्लीत वळायची. पहाटे मोह वेचताना तो बाहेर आला की झाडाआड व्हायची. आणि तिच्याच माजघरात आम्ही भासऱ्याला बाजेसकट नेऊन ठेवलं. सून माहेरी गेलेली. घरात दुसरं कोणी नाही. ही बाई स्वतःच्या घरात शिरणार कशी? तिने दाराबाहेरून चहाची बशी आत सरकवली, दार लोटलं आणि अंगणात झाड पाडायला आली. तो बिचारा परक्या माजघरात छताकडे पाहत पडला. बशीपर्यंत हात पोहोचत नव्हता. तो आहे की नाही, हे पाहायला कोणी जाणार नव्हतं. गेले असते तर मीच, आणि मी झाडाकडे पाहत होते.

झाडाला हात लावायच्या आधी जावेने त्याला विचारलं. म्हणजे बुंध्याशी तांदूळ ठेवले, हळद लावली, मोहाची दारू शिंपडली आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत बसली. एवढी वर्षं फुलं दिलीस, आता जा, असं काहीतरी असेल. मिस्त्री करवत हातात घेऊन शांतपणे उभा राहिला. बराच वेळ गेला. सगळं गाव रस्त्यापलीकडे एका बाजूला उभं राहून झाडाकडे पाहत होतं. नेमका तेवढ्यात माझा नवरा बाजेवरून उठला, चपला घातल्या, जावेच्या मागच्या दाराने बाहेर पडला, कुंपणाला धरत धरत आमच्या भिंतीच्या कडेने पुढे आला, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि आपल्या खोलीत गेला. दोन वर्षं जो चालत नव्हता, तो. आत बाज नव्हती. तो कणगीच्या कडेला भुईवरच आडवा झाला.

मग मिस्त्रीने मशीन सुरू केली. बैलांनी तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. तरी आधी उभे राहिले, कान हलवत. पुतण्याने दोन्ही कासरे हाताला गुंडाळून धरले होते. दोर ताणलेला होता, झाड शेताकडे थोडं कललंही. मी म्हटलं, पाहा माझे बैल! तेवढ्यात आतलं पोकळ लाकूड फुटलं, बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि बैलांचा धीर सुटला. पुतण्या दहा पावलं जमिनीवरून घसरत गेला. बैल वळले, रस्ता ओलांडला आणि सरळ माझ्या गोठ्याकडे सुटले, पडणाऱ्या झाडाच्या खालून.

तेव्हा मला त्या चपला दिसल्या.

झाड पडलं. अर्धं गोठ्यावर, अर्धं घराच्या पुढच्या खोलीवर. कौलं अशी खळाखळा गेली की वाटलं कोणी टोपलीभर खापरं आडात ओतली. धूळ एवढी उडाली की पलीकडची माणसं दिसेनात. चपला जावेनेही पाहिल्या होत्या. त्या धुळीत ती शिरली. साठीची बाई, एवढीशी, वाळलेल्या शेंगेसारखी. मी तिथे पोहोचले तेव्हा ती दाराच्या जागी राहिलेल्या भोकाशी वाकून पाहत होती.

"आहेत वो आत!" ती म्हणाली. "पाय दिसून राह्यले. हलून राह्यले!"

"मग ओढ ना त्याईले!"

भोक एवढं लहान की तिच्याशिवाय कोणी आत शिरू शकत नव्हतं. वर कौलं अजून घसरत होती. मिस्त्री ओरडत होता, जल्दी करा, ही फांदी कधीही बसन. ती अर्धी आत गेली आणि थांबली. तशीच मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मी हात कसा लावू? भासरे आहेत ना!"

"लाव वो!" मी किंचाळले. "मी सांगून राह्यली, लाव!"

"लोकं पाहून राह्यले!"

मी मागे वळून सगळ्या गावाला म्हटलं, "तिकडे पाहा बे सगळे!" आणि खरंच, सगळ्यांनी तोंडं फिरवली. सहाही म्हाताऱ्यांनी फिरवली. मिस्त्रीनेही फिरवलं, त्याचा काही संबंध नसताना.

जावेने तरी अंगाला हात लावलाच नाही. धोतराचं टोक हाताला आलं ते पकडलं आणि सगळा जोर लावून ओढलं. धोतर बाहेर आलं. नवरा आत राहिला.

"अवो माय!" ती धोतर हातात घेऊन बसली.

"धोतर काय करू मी? माणूस काढ!"

मग तिने डोळे घट्ट मिटले, पदर दातात धरला, पुन्हा आत गेली आणि भासऱ्याचे दोन्ही पाय धरून त्याला ओढत बाहेर आणलं. चाळीस वर्षांची रीत तिथे मोडली, डोळे मिटून का होईना.

तो बाहेर आला तेव्हा काजळीने काळा झालेला, कपाळावर खोक पडलेली, दोन बोटं चेचलेली. मी धोतर त्याच्यावर टाकलं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझी बाज कुठी आहे?"

बाज त्या खोलीत नव्हती म्हणूनच तो बोलत होता. मिस्त्रीने नंतर फांद्या कापून दाखवलं. जाड फांदी कणगीवर येऊन अडली होती. कणगी फुटली नाही, धान थोडं सांडलं. फांदीखाली हातभर जागा उरली होती. भुईवर झोपलेला माणूस त्यात मावतो. बाजेवरचा मावला नसता. मी गावात सांगते की माझ्या धानाने वाचवला. तो सांगतो की त्याला माहीत होतं, म्हणूनच खाली झोपला. काही बोलून उपयोग नाही.

बैल गोठ्यात सापडले. डावा नुसता घाबरलेला. उजवा फांद्यांत अडकून जुवासकट आडवा पडलेला, जीभ बाहेर. मिस्त्रीने मशीन नको म्हटलं, हातकरवतीने जू कापलं, एकेक फांदी काढली. तासभर गेला. बैल उठला, अंग झटकलं आणि रिकाम्या दावणीत तोंड घालून कोंडा शोधू लागला. पुतण्या माझ्याकडे पाहत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

घराची पुढची बाजू गेली. मागची राहिली, पण पावसात राहण्यासारखी नव्हती. मुलाने मोहर्लीहून फोन केला, "माय, काही झालं का?" मी म्हटलं, झालं, आता ये. तो आला आणि आम्हाला जावेच्या घरी पोहोचवून दिलं. चार महिने आम्ही तिथेच होतो. माजघराच्या मधोमध मी जुनं लुगडं टांगलं. इकडे भासरा, तिकडे ती. पाय धरून ओढलं, तरी बोलणं नाहीच. जेवताना ती पडद्याआडून मला म्हणायची, "विचारा, भात पाह्यजे का."

"पाह्यजे का?" मी विचारायची.

"पाह्यजे म्हणावं," तो म्हणायचा.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना सगळं ऐकू जायचं. मधे मी.

एकदा त्याने भात मागितला आणि त्यावर म्हणाला, "आणि सांग तिले, वरण चांगलं झालं." मी म्हटलं, तुमचं तुम्ही सांगा. तेवढ्यात पडद्यापलीकडे वरणाचा डाव खाली पडल्याचा आवाज आला.

मोहाचं लाकूड जावेचं होतं, झाडच तिचं. माझ्या घरावर पडलं म्हणून मी हक्क सांगितला. ती म्हणाली, तुमच्या घरावर माझं लाकूड पडलं, तुमचं कसं झालं? शेवटी अर्धं तिने जळणाला नेलं आणि अर्धं माझ्या नवीन गोठ्याला लागलं. तळ्याकडचा मोह तिचा तो तिचाच. यंदा तिने तिथून टोपल्या भरभरून आणल्या. खालचा पाला तिथेही जाळला. मी बोलले, तिने ऐकलं नाही.

नवरा पुन्हा माझा हात धरल्याशिवाय परसाकडे जात नाही. त्या दिवशी कसा चाललात म्हणून विचारलं तर म्हणतो, तेव्हा काम होतं.

त्या दिवशी झाडाखाली तीन जीव सापडले होते, माझा नवरा आणि दोन बैल. तिघेही जिवंत आहेत.